सलामीवीर जायबंदी आहे

"रोज एक बादली तापवायची, आन् रोज ती बादलीच आंघोळ करून येते."

वहिनी हे बंबाला म्हणाली. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, पण मी तिच्या पाठीला पाठ लावून भाकऱ्या थापत होते. आमचं स्वयंपाकघर एवढंच आहे की एकीने उसासा टाकला तर तो दुसरीच्या पिठावर पडतो.

"काय म्हणालात?"

"तुमाला न्हाय वन्सं, बंबाला बोलले."

न्हाणीत बादली वाफाळत होती, वर टॉवेल घडी घालून ठेवलेला होता. आणि मधल्या खोलीत माझा भाचा प्रितम, वय वर्षं एकतीस, गादीवर पडून पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

प्रितम माझ्या भावाचा धाकटा मुलगा. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी वहिनीकडेच असते. हाच प्रितम पूर्वी घरात सापडायचा नाही. कारखान्यात वायरमन होता, चौलमधल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची, आणि रविवारी पंचशील इलेव्हनचा सलामीवीर. चार वर्षांपूर्वी त्याला मोबाइलच्या टॉवरवरून आवाज यायला लागले. टॉवर त्याचं नाव घेऊन बोलायचा, तेही शिव्या घालून. मग दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, आता महिन्याला एक इंजेक्शन असतं. आवाज गेले.

"गेले ते बरा झाला," वहिनी म्हणायची, "पन जाताना मानूस उचलून घेऊन गेले."

ताट समोर ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. काय वाटतंय विचारलं तर "काय न्हाय" म्हणायचा. ती थाप नव्हती हो. खरंच काही वाटत नव्हतं, हेच तर दुखणं.

आम्ही घरातले सगळे मिळून एकच वाक्य बोलायचो: आधीसारखा झाला की. आधीसारखा झाला की लागतील म्हणून वहिनी दर रविवारी त्याच्या कारखान्याच्या बुटांना पॉलिश करायची. मी जवळ्याची चटणी जरा जास्तच करायची, आधीसारखा दुसऱ्यांदा मागेल म्हणून. मग ती जास्तीची चटणी मी एकटी खायची आणि माझं पित्त खवळायचं.

पण सगळ्यात मोठी वाट करमअलीभाई बघत होते, तीसुद्धा लाउडस्पीकरवरून.

करमअलीभाई आमचे शेजारी, मध्ये फक्त माडाच्या झापांचं कुंपण. उमेदीची वर्षं आखाती जहाजांवर स्वयंपाकी म्हणून काढली, आणि आता रेवदंड्यापासून नागावपर्यंत टेनिस बॉलची एकही टूर्नामेंट त्यांच्या कॉमेंट्रीशिवाय होत नाही. चेंडू माडावर अडकला तरी हा माणूस त्याचं पाच मिनिटं वर्णन करतो. पंचशीलची मॅच असली की संघ वाचून दाखवताना ते चार वर्षं न चुकता सांगत आले: "सलामीवीर प्रितम जायबंदी असल्यामुळे आज खेळू शकत नाहीत. लवकरच मैदानात परततील." लोक टाळ्यासुद्धा वाजवायचे.

दिवाळीनंतर मोठा भाचा सुजात पनवेलहून आला. आमच्या पुढच्या दोन खोल्यांचं होमस्टे त्यानेच सुरू केलेलं. तिसरी खोली प्रितमची. पण मुद्दा खोलीचा नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगते. भावाला घेऊन तो देवऋष्यापासून मोठ्या इस्पितळापर्यंत सगळीकडे पायपीट करून दमला होता. कर्जतच्या पलीकडे अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारी कुठलीशी संस्था होती, तिचा फॉर्म त्याने आणला.

"आई, तू पासष्टची झालीस. तुझ्या मागं त्याला ताट कोण वाढनार?" त्याने विचारलं. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो. तवर तो आपनहून काय तरी करताना दिसला, तर हा फॉर्म तुझ्यासमोर फाडतो. न्हाय तर गाडीतनं घेऊन जातो."

वहिनीने फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवला. अनेक गोष्टींवर आमच्याकडे हाच उपाय आहे.

त्या गुरुवारी दवाखान्यातल्या प्रज्ञाताई स्कूटीवरून आल्या. असे लोक बोलते-चालते करणं हे त्यांचं काम. मला वाटलं, आता भाषण होणार. तर या बाई खुर्ची सोडून जमिनीवर, प्रितमशेजारी भिंतीला टेकून बसल्या, आणि पंधरा मिनिटं दोघंही बंद पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं झोपल्या की काय. मी चहा आणला तेव्हा दोघांनी एकाच वेळी कप उचलला, एवढीच हालचाल.

मग स्वयंपाकघरात येऊन आम्हाला म्हणाल्या, "हा आळस नाही, मावशी. आजाराचाच भाग आहे. इंजेक्शन चालू ठेवायचंच, पण या भागाला सुईपेक्षा माणूस लागतो. त्याला वाटत असणार की आपल्याला काही जमणार नाही आणि जमलं तरी मजा येणार नाही. म्हणून एकच छोटी गोष्ट धरायची. 'कर' म्हणायचं नाही, सोबत करायची. टोमणे बंद. जे नाही केलं ते सोडून द्यायचं, जे केलं ते बोलून दाखवायचं."

"बोलून दाखवायचा?" वहिनीने विचारलं.

"हो. साध्या शब्दांत. 'उठलास, बरं वाटलं', एवढंच."

कुंपणापलीकडे कुणीतरी खाकरलं. झापांच्या फटीत करमअलीभाईंचं नाक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमच्या अख्ख्या आळीला समजलं की प्रितम उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळला आहे.

"नमस्कार, आदाब, जय भीम! चौलच्या मैदानावरून मी करमअली. आभाळ निरभ्र. खेळपट्टी कापसाची, किंचित मऊ. प्रितमने एक डोळा उघडलाय. दुसरा... दुसरा अजून... उघडला! क्या बात है! दोन्ही डोळे उघडून खेळतोय हा पठ्ठ्या!"

त्यांच्या गच्चीवरून प्रितमची खिडकी सरळ दिसते. गच्चीवर टूर्नामेंटचा माइक, टूर्नामेंटचा स्पीकर आणि टूर्नामेंटची टोपी घातलेले करमअलीभाई. वहिनी हातातल्या फुंकणीसकट अंगणात धावली.

"करमअलीभाई! ताईंनी साध्या शब्दांत सांगलेला!"

"साधेच आहेत, धोंडूबाई. शेर एकसुद्धा टाकला नाही."

"आन् आवाज?"

"आवाजाचं बाई काहीच बोलल्या नाहीत. बोलून दाखवा म्हणाल्या. मी वीस वर्षं दुसरं काय करतोय?"

वहिनी फुंकणी घेऊन बंबाकडे परतली. आणि खरं सांगू, त्या दिवशी प्रितम उठून बसला. बहुधा गोंगाटाने. पण बसला, आणि समोरच्या चहाच्या टपरीवरून टाळ्या आल्या.

चार दिवसांत नियम तयार झाले. पाण्याच्या टाकीवर खडूने धावफलक निघाला. उठून बसला की एक धाव, तोंड धुतलं की दोन, ओटीवर आला की चौकार, आंघोळ केली की सरळ षटकार. होमस्टेला डोंबिवलीचं एक कुटुंब उतरलेलं, ते समुद्रावर जायचं सोडून गच्चीखाली उभं. त्यातली बाई मला नाश्त्याला विचारते, "काकू, काल किती झाले?" मी घावणे उलटत म्हटलं, "तीन. पण चांगला खेळला."

आंघोळीचा निकाल बिल्किसभाभींकडे होता. करमअलीभाईंच्या त्या बेगम, आणि नवऱ्याच्या एकाही शब्दावर त्यांचा विश्वास नाही, त्यामुळे तिसरा पंच म्हणून त्यांच्याइतकं लायक कुणी नव्हतं. आमच्या न्हाणीचं पाणी पाटातून त्यांच्या कुंपणाच्या केळींना जातं. केळीला पाणी पोचलं तर आंघोळ झाली, नाही तर नाही.

"केळी कोरडी," त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या. "षटकार रद्द!"

मंगळवारी मात्र खिडकीतून किंकाळीच आली. "पाणी! पाणी आलं! भरपूर!"

"षटकार!" करमअलीभाई माइकवर उसळले. "प्रितमचा उत्तुंग... थांबा. रसिकहो, थांबा. प्रितम गादीवर आहे. प्रितम गादीवरही आहे आणि आंघोळही करतोय! क्रिकेटच्या इतिहासात..."

मी न्हाणीत डोकावले. वहिनी रिकामी बादली हातात धरून, लुगड्याचा ओचा भिजलेला, भिंतीशी उभी होती.

"माज्याच्यानं ऱ्हावला न्हाय," ती म्हणाली. "रविवार जवल आला."

बिल्किसभाभी कुंपणातून आल्या, बादली तिच्या हातातून काढून घेतली आणि पंचाचा निर्णय हळू आवाजात दिला: "केळीनं काही बघितलं नाही, धोंडूबाई. डोळे पुसा." त्या दिवशी टाकीवरचा आकडा तसाच राहिला, सहा धावा मिळाल्या की कापल्या हे कुणी विचारलं नाही.

गुरुवारी प्रज्ञाताईंची स्कूटी आळीत शिरली, तेव्हा स्पीकर "तोंडाला साबण लावलाय, पण पाण्याचा निर्णय बाकी" इथपर्यंत आलेला होता. बाई गाडी उभी करायचं विसरल्या. मग आम्ही सगळे ओटीवर रांगेत उभे, शाळेत काच फोडल्यासारखे.

त्यांना हसू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एका चेहऱ्यावर मावेना. "चाचा," त्या म्हणाल्या, "मी सोबत सांगितली होती. तुम्ही प्रेक्षक जमवले."

"पण तो उठून बसतोय ना, मॅडम?"

"ते त्याला विचारलं का कुणी? कसं वाटतं ते?"

नव्हतं विचारलं. धावफलक मांडला, नियम केले, पंच नेमला, आणि फलंदाजाला कुणी काही विचारलंच नाही. प्रज्ञाताई आत जाऊन पुन्हा त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "प्रितम, कॉमेंट्री कशी वाटते? बंद करायची?"

तो इतका वेळ गप्प राहिला की दारातले आम्ही पाय बदलायला लागलो.

"लेट येते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी उठून बसलेला असतो. मग ते 'उठतोय' म्हनतात." त्याने पंख्याकडे बघितलं. "मधीच कट व्हते. वायर लूज हाय."

सात महिन्यांत त्याने एवढं लांब बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. वहिनीने तोंडावर पदर धरला. करमअलीभाईंनी स्वतःच्या माइककडे असं बघितलं, जसा काही तो त्यांचा पोरगा आहे आणि गुरुजींनी त्याची तक्रार केलीय.

"चाचांसोबत दहा मिनिटं बसून बघशील का ती वायर?" प्रज्ञाताईंनी विचारलं. "नाही जमलं तर नाही. त्याचं काही नाही."

तो हो म्हणाला नाही. नाहीसुद्धा म्हणाला नाही. जाताना बाई आम्हाला बजावून गेल्या, येईल आणि न येईल, दोन्ही धरून चाला.

शुक्रवारी साडेसात वाजले, आणि स्पीकर गप्प. पावणेआठ झाले. टपरीवाला बाहेर येऊन टाकीकडे बघून गेला. शेवटी करमअलीभाई टोपी काढून आमच्या ओटीवर आले, खिडकीपाशी वाकून म्हणाले, "प्रितम, तुझ्याशिवाय बंद आहे," आणि ओटीवर मांडी घालून बसले. वीस वर्षं सलग बोलणारा माणूस पन्नास मिनिटं गप्प बसला. घामाघूम झाला. मी पाणी दिलं तर हातानेच नको म्हणाला, तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्यालाच खात्री नव्हती.

आतून गादी सरकल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. वहिनीने छताकडे, मी तव्याकडे, बिल्किसभाभींनी केळीकडे. प्रितम बनियनवर बाहेर आला, पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर गेला. माझी भाकरी कोळसा झाली, पण मान मी वळवली नाही.

गच्चीवर त्याने वायर हातात घेतली. एका जागी अंगठा दाबला की स्पीकर चालायचा, सोडला की मरायचा. मग तो खुर्चीत बसला आणि अंगठा दाबून धरला. एवढंच काम. हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं असायचं. ज्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता, तेच काम शेवटी त्याला मिळालं.

दोन इंच चिकटपट्टीने ती वायर जन्मभरासाठी सांधली गेली असती. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ज्याने निम्म्या चौलला वीज जोडून दिली त्याला तर पहिल्याच मिनिटाला कळलं असणार. तो काही म्हणाला नाही. करमअलीभाई काही म्हणाले नाहीत. आमच्या खणातली चिकटपट्टीची गुंडाळी वहिनीने तांदळाच्या डब्याखाली ढकलली, फॉर्मच्या शेजारी.

पण आता घोटाळा असा, की फलंदाज गच्चीवर. मैदान रिकामं. आणि माइक तर चालू. मग करमअलीभाईंनी जे समोर दिसेल ते घेतलं. "धोंडूबाई बंबाकडे... काटकी आत... धूर! जबरदस्त धूर! टपरीवाल्याने चहात पाणी घातलं, रसिकहो, दुसऱ्यांदा!" दोन दिवसांत आळी शहाणी झाली. बायका नळावर भांडताना आवाज खाली ठेवायला लागल्या, पुरुष कुंपणाला उभे राहायचे बंद झाले. कुणीतरी सतत आपल्या उठण्या-बसण्यावर बोलत असलं की कसं होतं, ते प्रत्येकाला आपापल्या अंगणात कळलं.

एकदा करमअलीभाई मध्येच थांबले, कानाशी हात नेला आणि म्हणाले, "आत्ताच हाती आलेल्या बातमीनुसार, सोनाबाईंची भाकरी जळाली आहे."

मी तव्याकडे बघितलं. खरंच जळत होती. गच्चीवरून ती फक्त प्रितमच्या खुर्चीतून दिसते. मी खालून उलथनं उगारलं. तो हसला बिसला नाही. पण उलथनं खाली येईपर्यंत माझ्याकडे बघत होता.

सगळंच गोड झालं असं समजू नका. त्यानंतर दोन दिवस तो उठलाच नाही. करमअलीभाई माइक मांडीवर ठेवून गच्चीवर नुसते बसून राहिले, आळीने कॉमेंट्रीशिवाय दिवस काढले, आणि कुणी टोमणा मारला नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. बादली मात्र बहुतेक सकाळी एकटीच आंघोळ करत होती.

आणि महिन्याचा शेवटचा रविवार आला. सुजातची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा प्रितमच्या खोलीत कुणीच नव्हतं.

"कुठं हाय तो?"

"गच्चीवर," वहिनी म्हणाली. "कामावर."

सुजात धावतच वर गेला. त्याच्या मागे वहिनी, मी, बिल्किसभाभी. प्रितम खुर्चीत बसलेला, नजर समोरच्या माडावर, अंगठा वायरवर. करमअलीभाई त्या दिवशीच्या मॅचची तयारी म्हणून माइकवर संघ वाचायचा सराव करत होते.

"हा काय करतोय?" सुजातने विचारलं.

"वायर धरतो," वहिनी म्हणाली.

"वायर?"

"रोज. मधी एखादी सुट्टी घेतो."

सुजातने वाकून वायर बघितली. वाईट माणूस नाही हो तो. बिघडलेलं दिसलं की दुरुस्त करायचं, एवढंच त्याला येतं. तो खाली गेला, गाडीतून काळी चिकटपट्टी घेऊन आला, प्रितमच्या अंगठ्याखालची वायर अलगद काढून घेतली आणि तीन वेढे मारले. स्पीकरची खरखर थांबली. आवाज इतका स्वच्छ झाला की करमअलीभाईंचा श्वाससुद्धा टपरीपर्यंत गेला.

"झाला," सुजात म्हणाला. "आता कुनाला धरून बसायला नको."

कुणी कुणाकडे बघेना. प्रितमचा अंगठा तसाच हवेत राहिला होता.

माइकवरची शांतता करमअलीभाईंना सोसत नाही. घाबरून त्यांनी सवयीचं होतं तेच म्हटलं, "तर रसिकहो... पंचशील इलेव्हन... सलामीवीर प्रितम जायबंदी असल्यामुळे आज खेळू शकत नाहीत, लवकरच मैदानात..."

सुजातचे डोळे भरून आले. "आधीसारखा झाला की पयला मीच नेईन त्याला मैदानात, चाचा."

"व्हईल," वहिनी घाईघाईने म्हणाली. "व्हईल ना. व्हय की न्हाय, वन्सं?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याही जिभेवर तेच वाक्य होतं, म्हणून मिटलं.

प्रितमने वायर मांडीवर ओढून घेतली. कुणी न सांगता, आपणहून, नखाने चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला. त्याला खूप वेळ लागला. एक वेढा निघाला, दुसरा निघाला, स्पीकर खरखरला, तिसरा निघाला आणि आवाज मेला. सुजात पुढे झाला, तर बिल्किसभाभींनी त्याचा हात धरला. प्रितमने अंगठा नेहमीच्या जागी ठेवून दाबला. आवाज परत आला, थोडा उशिरा.

"चाचा," तो म्हणाला, आणि ते सगळ्या आळीने ऐकलं. "ते सांगू नका यापुढं."

"काय, बेटा?"

"परत येनार म्हनून." तो माडाकडे बघत राहिला. "तुमी सगली ज्याची वाट बघताय, तो आता न्हाय येनार. मीच हाय, असा. चालत असंल तर वायर धरतो."